नव्या नंबराचं जुनं कर्नल

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, सावेडीच्या आमच्या कट्ट्यावरही नाही — आणि कट्ट्यावर मी काय सांगत नाही? शेजाऱ्याच्या मुतखड्यापासून स्वतःच्या मोडता मोडता राहिलेल्या संसारापर्यंत सगळं तिथे मी हातवारे करून, आवाज बदलून सांगतो आणि माणसं हातातला चहा विसरतात. पण या एका गोष्टीच्या जवळ आलो की मी विषय बदलतो. इतक्या सफाईने बदलतो की आजवर कुणाला पत्ता लागलेला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. उद्या समोरून आलात तरी मी तुम्हाला ओळखणार नाही, आणि तुमचं माझ्याबद्दलचं मत बिघडलं तर माझं काही अडणार नाही. राग मानू नका. ज्यांच्या मताने अडतं त्यांना सांगायची माझी छाती नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आधी धंदा सांगतो. फिलीप आणि मी भागीदार होतो. कॉलेजपासूनचे मित्र. तो मास्तरांच्या घरातला — आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडील मास्तर, आई मास्तरीण. मी भिक्षुकी आणि कारकुनी यांच्या मिश्रणातून आलेला. तो मला पंडित म्हणायचा, आणि ते कौतुकाने म्हणत नसे. केडगावला आमचा एक गाळा होता. तिथे आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं बनवायचो. शेतकरी कॅन घेऊन येतो, दूध काट्यावर जातं, फॅट मोजली जाते, आणि एक चपटा डबा हे सगळं वाचून पावती छापतो. तो डबा आमचा. त्याच्या पोटात पत्त्याच्या पानाएवढा एक कॉम्प्युटर — चीनहून येणारा, बाजारातला सगळ्यांत स्वस्त बोर्ड. त्याहून स्वस्त मिळाला असता तर आम्ही तोही घेतला असता.

या बोर्डावर लिनक्स चालतं, आणि लिनक्सच्या गाभ्यात असतं कर्नल. वरच्या प्रोग्रामने ‘वजन वाच’ म्हटलं की खालच्या तारांशी प्रत्यक्ष बोलणारं, ते. बोर्ड बनवणारा कारखाना बोर्डाबरोबर एक कर्नल देतो. ते नेहमी जुनाट असतं. कारखान्यातल्या कुणीतरी ते त्या बोर्डापुरतं ठोकून-ठाकून बसवलेलं असतं, आणि मग कारखाना पुढच्या बोर्डाच्या मागे लागतो. दुसऱ्या बाजूला जगभरातली माणसं मिळून सतत नवं कर्नल काढत असतात. ते स्वच्छ, सुरक्षित, देखणं. फक्त तुमच्या स्वस्तातल्या बोर्डाची त्याला ओळख नसते. ती करून द्यायला एक नकाशा द्यावा लागतो — इथे स्क्रीन आहे, इथे काटा जोडलाय, इथे चिपचं तापमान मोजणारा भाग आहे. आमच्या बोर्डाचा असा नकाशा नव्या कर्नलात नव्हता. त्याच्या जरा महागड्या भावाचा होता. मी तोच लावला. दोघं दिसायला सारखे होते, आणि मला दिसणं पुरतं.

तर प्रश्न असा, की कुठलं कर्नल टाकायचं? कारखान्याचं जुनं, की जगाचं नवं?

तुम्हाला वाटेल, यात भांडण्यासारखं काय आहे. तुम्ही या धंद्यातली माणसं पाहिलेली नाहीत. एकेक असा नग असतो — स्वतःच्या घरातला नळ सहा महिने गळतोय, पण दुसऱ्याच्या बोर्डावर जुनं कर्नल दिसलं की याला झोप येत नाही. इंटरनेटवर अशांचे थवे असतात. कुणी बिचारा विचारतो, माझ्या बोर्डाचा आवाज येत नाही, काय करू? लगेच दहाजण तुटून पडतात, आधी कर्नल बदल म्हणून. आवाजाचं काय, ते कुणालाच माहीत नसतं. मी त्या थव्यातला बिनीचा पक्षी होतो. मला त्यात अपार आनंद मिळायचा. दुसऱ्याला मागासलेला म्हणण्यासारखं सुख नाही, आणि ते फुकट मिळतं.

फिलीप जुन्याच्या बाजूचा. का? तर म्हणे, ‘ते चालतं.’ बस, एवढाच मुद्दा. मी त्याला ग्राहकांसमोर सोलून काढायचो. सुप्याच्या बाजूला एका दूध संस्थेचे चेअरमन होते — पांढरे कपडे, खिशाला दोन पेन, दोन्ही न चालणारी. त्यांच्यासमोर मी विचारलं, ‘चेअरमनसाहेब, दहा वर्षांपूर्वीचा मोबाईल वापराल का? आमच्या फिलीपसाहेबांना तुमच्या संस्थेत तसलं कर्नल टाकायचंय.’ चेअरमनना कर्नल म्हणजे काय ते त्यांच्या म्हशीइतकंच माहीत. पण त्यांनी फिलीपकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्याने त्यांच्या दुधात पाणी घातलं.

‘नवीनच टाका,’ ते म्हणाले. ‘आपल्याला जुनं काय नको.’

‘पंडित, म्हशीला काय फरक पडतो रे?’ फिलीप परत येताना गाडीत म्हणाला.

‘म्हशीला नाही पडत. म्हणूनच म्हैस इंजिनियर नसते,’ मी म्हणालो, आणि स्वतःच हसलो. मी स्वतःच्या विनोदाला नेहमी पहिला हसतो. कुणी दुसरा सुरू करेल याची खात्री नसते ना.

नवं टाकलं. थंडीत झकास चाललं. मी छाती काढून फिरलो. मग पारनेरकडचा उन्हाळा आला. संकलन केंद्र म्हणजे पत्र्याची शेड. संध्याकाळी दूध येतं तेव्हा पत्रा दिवसभर भाजून निघालेला असतो. आमचे डबे एकामागून एक गोठायला लागले. पडद्यावर एक वजन अडकलेलं, पुढे काही नाही. चेअरमनचा फोन आला. मागे कॅन आपटल्याचे आवाज, शिव्या.

‘आवं सायेब, तुमचं यंत्र बसलंय. लोकं खोळंबल्यात. ह्ये नवीन हाय ना? मंग बसतंय कसं?’

कसं, ते फिलीपने दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. नकाशा दुसऱ्या बोर्डाचा असल्याने नव्या कर्नलला चिप किती तापली ते कळतच नव्हतं. जुनं कर्नल चिप तापली की तिचा वेग कमी करायचं, दमाने घ्यायचं. नवं मात्र पळत सुटायचं आणि कोसळायचं. यात काही मोठी विद्या नव्हती. जो पाहील त्याला दिसलं असतं. मी पाहिलं नव्हतं.

आता, फिलीपने हे मला गाळ्यात सांगितलं असतं, तर? हा प्रश्न मी अनेक वर्षं स्वतःला विचारत आलो — म्हणजे दोष थोडा त्याच्याकडे सरकवायचा प्रयत्न करत आलो. नाही सरकत. त्याने चेअरमनच्या शेडमध्ये, पन्नासेक माणसं कॅन घेऊन उभी असताना सांगितलं, हे खरं. ‘पंडितजी,’ तो हात जोडून म्हणाला, ‘मुहूर्त काढा आता. जुनं टाकून घेऊ.’ माणसं हसली. एक म्हातारा तर कॅनवर बसून हसला. फिलीप काही संत नव्हता. त्याला माझ्याकडून बऱ्याच वसुल्या करायच्या होत्या, आणि त्याने त्या केल्या. मी त्याच्याशी तेच करत आलो होतो, मग मला एवढं का लागावं? पण लागलं. माझे कान तापले. मी म्हणालो, ‘जुनं टाकायची गरज नाही. आठवडाभर द्या, नव्यातच दुरुस्त करतो.’

आठवडाभर मी बसलो. नकाशा दुरुस्त करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मला जमलं नाही — हे वाक्य लिहिताना अजूनही हात थांबतो बघा. इतर सगळं लिहिताना थांबला नाही.

आता इथे माझी करामत येते, आणि मला कबूल केलं पाहिजे की ती करताना मला मजा आली. कर्नलचा नंबर म्हणजे काय असतं? त्याच्या मूळ मजकुरातल्या एका फाईलच्या सुरुवातीला टाईप केलेले आकडे. बाकी काही नाही. ते बदला, कर्नल पुन्हा तयार करा — मग ते आपला नंबर तोच सांगतं. रविवारी सकाळी फिलीप आणि मार्था, म्हणजे त्याची बायको, चर्चमध्ये होते. मी गाळा उघडला. कारखान्याचं जुनं कर्नल घेतलं, त्यावर नव्याचे आकडे चढवले, आणि डबे ज्यांवरून चालतात त्या सगळ्या मेमरी कार्डांवर तेच टाकलं. आत जुनं, कपाळावर नवं. सोमवारी केंद्राकेंद्रावर कार्डं बदलून आलो. चेअरमनच्या शेडमध्ये डबा उन्हाळाभर चालला. पडद्यावर सुरू होताना तो नवा नंबर ऐटीत सांगायचा, आणि चेअरमन येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवायचे. दोन न चालणाऱ्या पेनांचा मालक, न चाललेल्या कर्नलचा अभिमान बाळगत होता. मला तो देखावा फार आवडायचा.

फिलीपने खात्री केली. करणारच तो. नंबर विचारणारी आज्ञा टाईप केली, उत्तरात नव्याचाच नंबर आला. ‘केलंस म्हणजे,’ तो म्हणाला. एवढंच. मी खांदे उडवले. त्या खांदे उडवण्याचा मी आरशात सराव केला होता — होय, केला होता.

त्यानंतर गाळ्यात त्याचं बोलणं कमी झालं. ग्राहक काही विचारायचे तर तो म्हणायचा, पंडितला विचारा. टोमणा नव्हता तो आता. मला हे कळत होतं का? कळत होतं. गोड लागत होतं. वर्षभरात त्याने भागीदारी सोडली. जाताना म्हणाला, ‘तुझं डोकं पुढे गेलं, माझं राहिलं. उगाच अडथळा नको.’ मी त्याला थांबवलं नाही. गाळा लहान होता, आणि त्यात माझं कौतुक मावत नव्हतं.

इथपर्यंतचं मी कदाचित कट्ट्यावर सांगूही शकलो असतो. चेअरमनची नक्कल केली असती, कपाळावर बोट फिरवून नवा नंबर काढून दाखवला असता, लोक हसले असते. इथपर्यंत तो चावटपणाच आहे. मी इथे थांबू का? तुम्हाला चालेल, मला माहीत आहे. तुम्ही मला एक लबाड पण मजेशीर माणूस म्हणून लक्षात ठेवाल. गेली कित्येक वर्षं मी स्वतःलाही असाच लक्षात ठेवत आलोय.

मार्थाने राहुरीच्या बाजूला, तिच्या माहेरच्या जागेवर, गावरान कोंबड्यांची छोटी हॅचरी काढली. अंडी उबवण्याची यंत्रं फिलीपने स्वतः बनवली. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका आपापली अंडी आणून द्यायच्या, पिल्लं निघाली की घेऊन जायच्या. अंडी उबवताना उष्णता जरा कमी-जास्त झाली तर सगळं वाया, म्हणून हीटर चालू-बंद करायला त्याने आपला तोच बोर्ड वापरला. सवयीचा, स्वस्त. त्यात कुठलं कर्नल टाकायचं हे त्याने मला फोन करून विचारलं. मला. मी ज्याला वर्षानुवर्षं लोकांसमोर सोलला, त्याने.

‘पंडित, चेष्टा नको करू,’ तो म्हणाला. ‘जुनं टाकणार होतो. पण तुझं नवं इतके दिवस चाललंय. त्याने पत्र्याखाली उन्हाळे काढले ना? खरं सांग. मार्थाचं सगळं यावर आहे.’

माझ्यासमोर कॉम्प्युटरवर दोन फाईली होत्या. एक खरं नवं कर्नल, शेडमध्ये कोसळलेलं. दुसरं, मीच कपाळावर नवा नंबर रंगवलेलं जुनं. दुसरं पाठवलं असतं, तर त्याची यंत्रं अजून चालली असती. पण फिलीप वस्तू उघडून बघणारा माणूस. त्याने आत डोकावलं असतं तर त्याला एका मिनिटात कळलं असतं. जुनंच टाक म्हणालो असतो, तर त्याने विचारलं असतं, का?

मी त्याला पहिलं पाठवलं. कोसळणारं. जाणूनबुजून.

‘डोळे झाकून टाक,’ मी म्हणालो.

मी मनाशी काय म्हटलं ते सांगतो, कारण ते इतकं किळसवाणं आहे की कुठेतरी लिहिलं जायला हवं. मी म्हटलं, हॅचरी काही पत्र्याची शेड नाही. भिंती जाड असतील. पंखा असेल. शिवाय फिलीप हुशार आहे, त्याला काही गडबड दिसली तर तो बघून घेईल. बघा, ज्याला मी मठ्ठ ठरवला होता, त्याच्या हुशारीवर मी माझा खोटेपणा सोपवला. आणि चहा पिऊन आलो.

बोर्ड त्याने यंत्राच्या माथ्यावर, ओल लागू नये म्हणून बंद डब्यात बसवला होता. एप्रिलपर्यंत निभावलं. मे महिन्यात एका दुपारी दोघं राहुरीत लग्नाला गेले होते. बोर्ड गोठला, तेव्हा हीटर चालू होता. तो चालूच राहिला. धोक्याची घंटा वाजवणंही त्याच बोर्डाचं काम होतं. ते परत आले तेव्हा घराच्या फाटकापर्यंत वास येत होता. अंड्यांतली पिल्लं एक-दोन दिवसांत बाहेर येणार होती.

हे मला त्याच संध्याकाळी कळलं, कारण त्याने मलाच बोलावलं. यंत्र बघायला. मी गेलो. अंगणात बायका उभ्या होत्या. बातमी वस्त्यांवर पोचली होती. कुणी ओरडत नव्हतं. एकजण मार्थाला एवढंच म्हणत होती, ‘माझी कुठली हुती, तेवढं तरी दावा.’ मार्था तिला ट्रे दाखवत होती. तिने प्रत्येकीच्या अंड्यांवर पेन्सिलीने खूण केलेली होती, त्यामुळे ती दाखवू शकत होती.

फिलीपने बोर्ड काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, ‘कर्नल तर तुझंच आहे, ते चालतंच. म्हणजे माझ्या वायरिंगमध्ये चूक आहे. कुठे आहे ते मला सापडत नाही. तू बघ.’

मी बघितलं. तासभर, बॅटरी धरून, एकेक तार ओढून. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला अभिनय मी त्या यंत्रासमोर केला आणि त्याला प्रेक्षक एकच होता. एका जोडापाशी मी थांबलो. जोड अगदी ठीक होता. मी म्हणालो, ‘इथे थोडं सैल वाटतंय.’

तो खाली बसला. मग उठून अंगणात गेला, बायकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘चूक माझी आहे. मार्थाची नाही.’ मार्था मला म्हणाली, ‘जेवल्याशिवाय जाऊ नका, एवढ्या लांबून आलात.’ मी जेवलो. भाकरी, पिठलं, ठेचा. दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा नको म्हणालो नाही.

हॅचरी बंद झाली. फिलीपने इलेक्ट्रॉनिक्स सोडलं. नगरमध्ये एका शाळेत प्रयोगशाळेचं काम करतो. मुलांना सोल्डरिंग शिकवताना म्हणे स्वतःचं उदाहरण देतो — एका सैल जोडाने काय होतं त्याचं. हे मला तिथल्याच एका शिक्षकाने कौतुकाने सांगितलं. मी मान डोलावली. माझे डबे अजून चालतात. आता चांगले बोर्ड वापरतो, आणि कर्नलच्या बाबतीत मी इतका सावध झालोय की लोक माझा सल्ला घ्यायला येतात. नवीन पोरं विचारतात, काका, कुठलं टाकू? मी गंभीर चेहरा करून सांगतो, आधी तुमच्या बोर्डाचा स्वतःचा नकाशा त्यात आहे का ते बघा, मग उन्हात ठेवून बघा. शहाणपण म्हणून मिरवतो. ते कुणाच्या अंगणातून उचललंय, ते सांगत नाही.

गेल्या महिन्यात फिलीप गाळ्यावर आला. केस सगळे पांढरे. पिशवीत एक बोर्ड, तोच स्वस्तातला. ‘मार्थाला पुन्हा सुरू करायचंय,’ तो म्हणाला. ‘एकच छोटं यंत्र, घरच्यापुरतं. तिने फार दिवसांनी विषय काढला, मग मी नाही म्हणालो नाही.’ आणि मग त्याने तोच प्रश्न विचारला, कुठलं टाकू?

गाळ्यात आम्ही दोघंच होतो. बाहेर टेम्पो लागलेला, कुणाला घाई नव्हती. मला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. तुम्हाला वाटतं ना, की मी आता सांगितलं? मलाही क्षणभर वाटलं.

‘जुनं टाक,’ मी म्हणालो. ‘कारखान्याचं. तुझ्या वायरिंगला तेच सोसेल.’

त्याने बोर्ड हातात घेतला. मग म्हणाला, ‘हो, खरंय. माझा हात तसा कच्चाच.’ आणि बोर्ड पिशवीत घालून, माझ्या खांद्यावर थोपटून गेला.